उषःपान मंडळाचा जावई

“मामा, डोळे उघडा. मुलगी यायची वेळ झाली.”

दौलतमामांनी एक डोळा उघडला, समोरच्या तसबिरीतल्या मारुतीला नमस्कार केला आणि डोळा परत मिटून घेतला.

बाहेर ठार अंधार होता. कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतली कुत्रीसुद्धा अजून मुटकुळी सोडायला तयार नव्हती, आणि आम्ही दोघं इस्त्रीचे कपडे घालून साळोख्यांच्या सोप्यात मुलगी बघायला बसलो होतो. ‘कार्यक्रम पाचला, पहाटे’ असा निरोप आला तेव्हा मामांना वाटलं, मध्यस्थाची जीभ घसरली, संध्याकाळी म्हणायचं असेल. त्यांनी उलट निरोप धाडला. उत्तर आलं, ‘संध्याकाळी काय, कुणीही जागं असतं.’

मुलीचे वडील आनंदराव साळोखे एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले होते. पेठेत त्यांना आनंदराव कुणी म्हणत नसे, कंट्रोलरसाहेब म्हणत. आंघोळ, पूजा, गंध सगळं उरकून ते आमच्यासमोर अशा थाटात बसले होते, की आत्ता रात्र आहे हा आमचाच काहीतरी गैरसमज असावा.

“माझ्या अख्ख्या नोकरीत पहाटेची पहिली गाडी एकदाबी उशिरा सुटली न्हाई,” ते म्हणाले. “एकदा ड्रायव्हरच आला नव्हता. तरी सुटली.”

“मग चालवली कुणी?” मी विचारलं.

“ते चौकशीत निष्पन्न झालं न्हाई.”

त्यांच्या खुर्चीशेजारी छताखालून एक चामडी दोरी लोंबत होती. भंगारात निघालेल्या एका गाडीची घंटी त्यांनी फार वर्षांपूर्वी रीतसर लिलावात घेतली होती आणि दोरीसकट घरात बसवली होती. दोरी सोप्यातून निघून माजघरावरून थेट मुलीच्या खोलीत जात होती. नियम एस.टी.चाच. एक टोल म्हणजे थांबा, दोन टोल म्हणजे चला.

त्यांनी दोरी दोनदा ओढली. टिंग टिंग. आतलं दार उघडलं आणि मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली.

“उषःप्रभा,” कंट्रोलरसाहेबांनी नाव सांगितलं. “पहाटे झाली. वेळेवर.”

उषःप्रभेनं, म्हणजे घरच्यांच्या प्रभानं, ट्रे टेबलावर ठेवला, पदर सावरला, माझ्याकडे बघितलं आणि जांभई दिली. दिली म्हणजे तिला द्यायची नव्हती. तिनं ओठ मिटले, नाकपुड्या फुगवल्या, डोळ्यांत पाणी आणलं, हनुवटी छातीशी नेली. पण जांभईच ती, आली ती सगळे अडथळे ओलांडून आली. शेवटी तिनं शरणागती पत्करली आणि हातसुद्धा आडवा न धरता, दाढा दिसतील अशी, लांबलचक, मनसोक्त जांभई दिली. मी आयुष्यात इतकं प्रामाणिक काही पाहिलं नव्हतं. मी तिथल्या तिथे कामातून गेलो.

“प्रभा!” कंट्रोलरसाहेब गरजले.

“ठसका लागला, बाबा.”

माझ्या बशीत पोहे वाढताना ती हळूच म्हणाली, “तुम्हाला झोप नाही येत?”

“मुळीच नाही!” मी छाती काढून सांगितलं.

तिचा चेहरा पडला. तो का पडला, हे कळायला मला पुढचा महिना लागला.

मला झोप येत नव्हती हे खरं होतं, पण त्यात माझं काही कर्तृत्व नव्हतं. मी गावातल्या एका दैनिकात रात्रपाळीचा उपसंपादक होतो. शेवटचं पान छपाईला सोडलं, प्रेसच्या नळावर तोंड धुतलं, फोरमनच्या खोलीत शर्ट बदलला आणि तसाच मुलगी बघायला आलो. जगाची ती पहाट होती. माझी ती रात्रीच्या जेवणाची वेळ होती. मी पोहे दोनदा मागून घेतले.

“भूक चांगली आहे,” कंट्रोलरसाहेब खूश झाले. “लवकर उठणाऱ्याचं लक्षण. पेपरात असता म्हणं?”

“हो.”

“वाटलंच! अहो, रोज पहाटे माझ्या पहिल्या गाडीच्या टपावर पेपरचे गठ्ठे चढायचे. ऊन ऊन, तव्यावरनं उतरल्यागत. मी हमालाला म्हणायचो, इतक्या पहाटे पेपर तयार असतोय म्हंजे ती माणसं उठत तरी किती वाजता असतील! देवमाणसं, म्हणायचो मी.”

तीस वर्षं हा माणूस पेपरवाल्यांना मनोमन पहाटेचे पुजारी समजत आला होता. ती माणसं उठलेली नसून झोपायला निघालेली असतात, ही शंका त्यांच्या मनाला कधी शिवली नव्हती. मी खुलासा करायला तोंड उघडलं. मग मला ती जांभई आठवली. मी तोंडात पोहे घातले. मी खोटं बोललो असं कुणी म्हणू शकणार नाही, कारण मी काहीच बोललो नाही.

कंट्रोलरसाहेबांनी घोरणाऱ्या मामांकडे कणवेनं पाहिलं. “आजवर जी स्थळं आली ना, ती सगळी अशीच. कुणी बसल्या बसल्या पेंगायचा, कुणी चहाच्या कपात नाक बुडवायचा. तुम्ही पहिलेच. पण एका पहाटेनं काय होतंय? गाडी एक दिवस वेळेवर सुटली म्हंजे डेपो सुधारला का? उद्यापासून आमच्या उषःपान मंडळात यायचं. महिनाभर प्रोबेशन. टिकलासा तर सुपारी फोडू.”

आणि त्यांनी दोरी एकदा ओढली. टिंग. कार्यक्रम थांबला. मामा दचकून उठले आणि म्हणाले, “मुलगी पसंत आहे.”

*

उषःपान मंडळ म्हणजे पाचसहा निवृत्त माणसं. रात्रभर तांब्याच्या तांब्यात ठेवलेलं पाणी पहाटे उठल्या उठल्या, चूळसुद्धा न भरता, उकिडवं बसून प्यायचं. मग रंकाळ्याला फेरी, मग सूर्य नसताना सूर्यनमस्कार आणि शेवटी गंगावेशीत जाऊन म्हशीच्या कासेखाली पेला धरून फेसाळ धारोष्ण दूध. एवढं सगळं झालं तरी उजाडलेलं नसे, आणि हा मंडळाच्या अभिमानाचा मुख्य विषय होता. उजाडेपर्यंतचा वेळ घालवायचा कसा, हा मंडळाचा मुख्य प्रश्न होता. तो बहुधा पोटाच्या चर्चेत जाई.

“काय डॉक्टर, आज कसं?” कंट्रोलरसाहेब विचारत.

“तसं समाधानकारक नाही,” होमिओपॅथ डॉक्टर शिरगावकर उदासपणे सांगत. “दोनदा जाऊन आलो.”

“माझं बघा. विनाथांबा!”

सगळे आदरानं त्यांच्याकडे बघत.

रोज प्रेसमधून निघून मी थेट तिथे जाई. पहिल्याच दिवशी मी सगळ्यांच्या आधी पोचलो आणि रंकाळ्याच्या कट्ट्यावर त्यांची वाट बघत बसलो. दुसऱ्या दिवशीही तेच. कंट्रोलरसाहेब अर्धा तास आधी आले, तरी मी हजर. त्यांनी मला हरवायला आपली वेळ मागे मागे नेली. मंडळातली बाकीची माणसं डोळे चोळत, मला मनातल्या मनात शिव्या घालत यायची. मी मात्र ताजातवाना. रात्री काय काय झालं ते त्यांना सांगायचो. पंतप्रधान काय म्हणाले, सोन्याचा भाव कुठं गेला.

“ऐकलं?” कंट्रोलरसाहेब मंडळाला ऐकवत. “आपण उठायच्या आत ह्या पोरानं जगाची खबर घेतलेली असतीया!”

दूध पिऊन मी खोलीवर जाई, खिडकीला घोंगडं लावी आणि दुपारपर्यंत मेल्यासारखा झोपे. मेल्यासारखा म्हणजे झोपायचा बेत असे. पोटभर उषःपान करून झोपणाऱ्याला किती वेळा उठावं लागतं, हा विचार आपल्या शास्त्रकारांनी केलेला दिसत नाही.

डॉक्टर शिरगावकर एकटेच माझ्याकडे संशयानं बघत. “साळोखे, या मुलाच्या डोळ्यांखाली काळं दिसतंय हो.”

“तपाचं आहे ते,” कंट्रोलरसाहेब म्हणाले.

प्रसिद्धी वाढत चालली. पेठेतल्या आया माझं नाव घेऊन पोरांची पांघरुणं ओढायला लागल्या. “तो पोवारांचा धैर्यशील बघ, आत्तापर्यंत दूध पिऊन परत आला असंल!” धैर्यशील म्हणजे मी. संध्याकाळी मी कामावर निघालो की ती पोरं कोपऱ्यावरून माझ्याकडे अशी बघत, की मी सायकलचा वेग वाढवी. मग तालीम मंडळात माझं व्याख्यान ठेवलं गेलं, ‘पहाट आणि पराक्रम’. मी गच्च भरलेल्या सभागृहाला सांगितलं, “मी गजराचं घड्याळ वापरत नाही. पहाटे अंथरुणातून उठायला कष्ट पडतात असं लोक म्हणतात. मला आजवर एकदाही पडले नाहीत. पहाट होते तेव्हा माझे डोळे आपोआप उघडेच असतात.”

टाळ्या थांबेनात. त्या भाषणातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

सभागृहाच्या मागच्या रांगेत प्रभा बसली होती. तिनं टाळी वाजवली नाही. तिनं जांभईही दिली नाही. मला ते बरं लक्षण वाटलं.

महिना संपला. कंट्रोलरसाहेबांनी दूधकट्ट्यावर, एका म्हशीच्या पाठीवर हात ठेवून जाहीर केलं, “प्रोबेशन संपलं. कायम! येत्या गुरुवारी सुपारी. पहाटे.”

*

दोन दिवसांनी संध्याकाळी मी कचेरीत चहा घेऊन नुकता कुठं माणसात येत होतो, तेवढ्यात छोट्या जाहिरातींच्या खिडकीवरचा कारकून वर येऊन म्हणाला, “पोवार, एक बाई आल्यात. जाहिरात द्यायची म्हणतात, पण मजकूर तुम्हालाच सांगणार म्हणतात.”

खाली प्रभा उभी होती. बाहेर तिची मैत्रीण भडंग खात पहारा देत होती.

“तुम्ही मला नकार कळवा,” प्रभानं सुरुवातच तिथून केली.

“काय?”

“मुलगी पसंत नाही म्हणा. नाक नकटं आहे म्हणा. काही पण म्हणा. मी नाही म्हणू शकत नाही, बाबा कारण विचारतील.”

“पण का? माझ्यात काय वाईट आहे?”

“तुम्ही पहाटे उठता.”

मी खिडकीजवळची खुर्ची तिच्याकडे सरकवली.

“पोवार,” ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. या वेळी जांभईशिवाय. “तुम्हाला ती घंटी दिसली ना? ती माझ्या उशाशी वाजते. शाळेत नव्हते तेव्हापासून. ताप असला तरी टिंग टिंग, परीक्षा संपली तरी टिंग टिंग. दिवाळीला तर त्याच्याही आधी. उठून करायचं काय, तर काही नाही! केर काढून होतो, दळण निवडून होतं, आणि मग आई आणि मी एकमेकींच्या तोंडाकडं बघत बसतो, उजाडायची वाट बघत. मी एकच नवस बोलले होते. नवरा कसाही मिळू दे, पण झोपणारा मिळू दे. आठ वाजता त्याचं पांघरूण ओढलं तर शिव्या देणारा. आलेले सगळे तसेच होते हो! एकजण तर भिंतीला टेकून उभ्या उभ्या झोपला होता. काय सुंदर झोपला होता! बाबांनी हाकलला त्याला. आणि मग तुम्ही आलात. टक्क जागे. बाबांपेक्षा वाईट! बाबा निदान वेळेवर उठतात, तुम्ही त्यांच्याही आधी. आता लग्न केलं की त्या घरी एक घंटी आणि ह्या घरी दुसरी.”

मी महिनाभर रक्त आटवून मुलीचे वडील जिंकले होते, आणि जितका जिंकत होतो तितकी मुलगी हरत होतो.

“प्रभाताई,” मी म्हणालो.

“ताई?”

“नाही, म्हणजे... ऐका. मी उठत नाही.”

“म्हणजे?”

“मी पहाटे उठत नाही. मी झोपलेलोच नसतो.” आणि मी तिला सगळं सांगितलं. रात्रपाळी, प्रेसचा नळ, खिडकीवरचं घोंगडं, दुपारी दीडचा नाश्ता.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “लग्न मोडायला लागलं की पुरुष काहीही बोलतात.”

“देवाशपथ!”

“व्याख्यानात पण असंच छातीवर हात ठेवून बोलत होता.”

“माझ्या घरमालकीणबाईंना विचारा. नऊ वाजता माझ्या दारावर लाथ मारली तरी मी उठत नाही, त्या सांगतील.”

“त्या तुमच्याच घरमालकीणबाई.” तिनं विचार केला. बाहेरून मैत्रिणीनं खोकून इशारा दिला. “मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय. सुपारीच्या वेळी झोपून दाखवा.”

“सुपारीच्या वेळी? कंट्रोलरसाहेबांसमोर?”

“कार्यक्रम पहाटेचाच आहे. तुम्ही रात्रभर काम करून येणार. खरे निशाचर असाल तर झोप येईलच की.”

“अहो, मी झोपलो तर तुमचे वडील तिथल्या तिथं सुपारी उचलून घेतील!”

“आणि नाही झोपलात तर मी पाटावरनं उठून जाईन.”

“मग मी करायचं काय?”

“ते तुमचं तुम्ही बघा,” प्रभा म्हणाली. “सगळ्या गावाला शहाणपण सांगता ना?”

जाताना तिनं कारकुनाकडे तीन शब्दांची जाहिरात दिली. ‘घंटी विकणे आहे.’ पैसे भरले नाहीत, त्यामुळे ती छापली गेली नाही.

*

गुरुवारी मी साळोख्यांच्या सोप्यात पाटावर बसलो तेव्हा माझा बेत ठरलेला होता. कंट्रोलरसाहेबांची पाठ वळली की क्षणभर डोळे मिटायचे, मान किंचित कलती करायची, प्रभाला दिसेल एवढंच. आणि ते वळायच्या आत पुन्हा टक्क. नाटकाची झोप. आदल्या रात्री विधानसभेच्या पोटनिवडणुकीचे निकाल होते, पहिलं पान चारदा बदललं होतं, आणि त्यामुळे मला घाईत बेताची दुसरी बाजू तपासता आली नाही.

समोर प्रभा होती, हिरव्या साडीत. शेजारी दौलतमामा. भिंतीशी उषःपान मंडळ ओळीनं. भटजी पुटपुटत होते, आवाज एका पट्टीत, रटाळ आणि ऊबदार. उदबत्तीचा वास. कंट्रोलरसाहेब नारळ आणायला वळले.

मी डोळे मिटले.

यापुढचं मी पाहिलेलं नाही. जे लिहितो आहे ते तीन साक्षीदारांच्या जबानीवरून. पहिले दौलतमामा, जे त्या घरात त्या दिवशी पहिल्यांदाच जागे होते. दुसरे डॉक्टर शिरगावकर. तिसरी प्रभा. तिघांच्या जबान्या बारीकसारीक बाबतीत जुळत नाहीत. मी घोरत होतो यावर मात्र तिघांचं एकमत आहे.

आधी म्हणे माझी मान पुढे आली. मग डावीकडे गेली. मग मी शांतपणे मामांच्या खांद्यावर विसावलो आणि पहिला सूर लावला. भटजी थांबले.

“झोपला!” डॉक्टर शिरगावकर आनंदानं ओरडले. महिनाभराचा संशय फळाला आला होता. “साळोखे, झोपला बघा! मी म्हणत नव्हतो?”

कंट्रोलरसाहेब नारळ हातात घेऊन वळले. मामा सांगतात, त्यांचा चेहरा गाडीखाली माणूस आल्यासारखा झाला होता. त्यांनी नारळ खाली ठेवला, दोरीपाशी गेले आणि माझ्यासाठी म्हणून दोनदा जोरात ओढली. टिंग टिंग!

मी उठलो नाही. पण घंटीचा आवाज कुठंतरी आत पोचला असावा, कारण मी झोपेतच हात उंचावून खणखणीत आवाजात ओरडलो, “पहिलं पान सोडा! फोरमन, पहिली गाडी चुकंल! गठ्ठे निघाले का?”

आणि परत घोरायला लागलो.

कंट्रोलरसाहेबांचा हात दोरीवरच राहिला.

“काय म्हणाला हा?” त्यांनी विचारलं.

तेव्हा दाराआडून प्रभाची आई म्हणाली, “तुम्हीबी असंच वरडत हुतासा की. पैली सोडा, पैली सोडा. लग्न झाल्यापास्नं मी ऐकत आलीया.”

“गठ्ठे,” कंट्रोलरसाहेब स्वतःशीच म्हणाले. ते हळूच माझ्यासमोर उकिडवे बसले, उषःपानाला बसतात तसे. त्यांनी माझा उजवा हात उचलून बघितला. बोटांवर शाई होती, नखात गेलेली. “ओली आहे,” ते म्हणाले. “म्हंजे हा घरनं आलेला न्हाई. हा... म्हंजे पहिल्या गाडीला गठ्ठे वेळेवर यायचे ते ही माणसं लवकर उठायची म्हणून न्हाई.”

“मग?” डॉक्टर म्हणाले.

“ही झोपायचीच न्हाईत!”

प्रभा म्हणते, त्या वेळी तिनं श्वास रोखून धरला होता. तिला हवा तो पुरावा समोर मामांच्या खांद्यावर लाळ गाळत होता, आणि तो गाळतोय म्हणूनच आता नवरा हातचा जाणार होता.

“फसवणूक आहे ही, साळोखे,” डॉक्टर शिरगावकर म्हणाले. “सरळसरळ फसवणूक. उठवा त्याला आणि विचारा जाब.”

त्यांनी स्वतःच पुढे होऊन माझा खांदा धरला.

“हात काढा!” कंट्रोलरसाहेब असे ओरडले की बाहेर रस्त्यावरचं कुत्रं पळालं. मग त्यांनी आवाज एकदम खाली आणला. “डॉक्टर, आमच्या डेपोत एक नियम होता. पहाटे उठत न्हाई त्याला मी कधी सोडला न्हाई. पण रातभर गाडी मारून आलेला ड्रायव्हर रेस्ट रूममध्ये आडवा झाला, की त्याला कुणी हात लावायचा न्हाई. मंत्री आला तरी न्हाई. एकदा विभाग नियंत्रकच त्याला उठवायला निघाले हुते. मी दारात आडवा उभा राहिलो.”

“पण सुपारी?” भटजींनी घड्याळाकडे बघत विचारलं. “मुहूर्त निघून चाललाय.”

“मुलगा हजर आहे ना? मग चालू द्या. हळू आवाजात.”

असं म्हणून ते उठले, आणि सवयीनं, पुढचं काम सुरू करायला त्यांचा हात दोरीकडे गेला. तेवढ्यात प्रभा पाटावरनं उठली. मामांना वाटलं, लग्न मोडलं. ती चालत वडिलांपाशी गेली, त्यांच्या हातातली दोरी आपल्या हातात घेतली आणि एकदाच ओढली.

टिंग.

मग परत येऊन पाटावर बसली आणि डाव्या हाताचं अंगठीचं बोट पुढे केलं. अंगठी माझ्या वतीनं दौलतमामांनी घातली.

*

मी उठलो तेव्हा खाटेवर होतो. अंगावर शाल होती, कपाळावर कुंकू होतं, पोटावर नारळ होता. खिडक्या बंद होत्या आणि त्यांच्यावर, कुणीतरी शोधून आणलेली, एस.टी.ची खाकी ताडपत्री लावलेली होती. घरात कसलाही आवाज नव्हता. छताकडे बघितलं. दोरी गुंडाळून वर खुंटीला अडकवली होती.

बाहेरून मात्र दबलेलं भांडण ऐकू येत होतं.

“मेथी घ्या की वो, ताजी मेथीऽऽ!”

“ए बाई, हळू! आत रेस्ट रूम आहे.”

“आत्ता गं बया! भर दुपारी?”

मी दारात गेलो. कंट्रोलरसाहेब उंबऱ्यावर, उन्हात, अंगरख्याच्या बाह्या सरसावून पहाऱ्याला बसले होते. माझी चाहूल लागताच उठले. मी पाया पडायला वाकलो.

“साहेब, ते लग्नाचं...”

“ठरलं. तुम्ही हुता की हितंच.” त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. “मगाशी झोपेत विचारत हुतासा. गठ्ठे निघाले का म्हणून. निघाले. मी डेपोत जाऊन बघून आलो. गाडी वेळेवर गेली.”

“आणि प्रभा?”

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि आतल्या बंद दाराकडे मान हलवली. दारामागून अगदी बारीक, एकसुरी, समाधानी घोरणं येत होतं.

“सुपारी झाल्याबरोबर आडवी झाली,” ते म्हणाले. थोडा वेळ ते त्या आवाजाकडे कान देऊन उभे राहिले. “मला म्हाईतच नव्हतं ही घोरती म्हणून. कशी कळणार? तिच्या आधी मी झोपायचो, आणि...”

ते स्वयंपाकघरात गेले आणि पाण्यानं भरलेले दोन तांबे घेऊन आले.

“घ्या. उषःपान.”

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. बाराची वेळ टळून गेली होती.

“उठल्यावर पहिलं,” कंट्रोलरसाहेब गंभीरपणे म्हणाले. “घड्याळाचा काय संबंध?”

मी उकिडवा बसलो आणि तांब्या तोंडाला लावला. दुसरा तांब्या घेऊन ते चवड्यांवर चालत आतल्या दारापर्यंत गेले, तो उंबऱ्याशी ठेवला, काठाला नख लागून आवाज होऊ नये म्हणून एकेक करून बोटं सोडवून घेतली, आणि परत बाहेर येऊन पहाऱ्याला बसले.